सासूबाईंना कुणी विचारलंय का?

पत्र : ताई, मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या गाडीनं हिमाचलात किन्नौरला आणि तिथून शिपकी ला खिंडीत, म्हणजे थेट चीनच्या सरहद्दीवर जायचं असं यांनी ठरवलंय. सुट्टी दहा दिवसांची. बरोबर सासूबाई (वय ६८, बीपीच्या दोन गोळ्या चालू), मुलगा चौदाचा, मुलगी सातची. मुलीला कसारा घाट संपेपर्यंत दोन उलट्या होतात. माझे सासरे एसटीत चालक होते. निवृत्त झाल्यावर आईंना सरहद्द दाखवीन म्हणायचे. ते राहून गेलं, आणि गेल्या वर्षी ते गेले. म्हणून यांचा हट्ट. सगळा प्रवास हे एकटेच चालवणार. गाडी मलाही येते, पण घाट आला की स्टिअरिंग देत नाहीत. मी काही बोलले की 'बाबांची इच्छा' मध्ये येते. आईंना विचारलं तर 'तुम्ही म्हणाल तसं' एवढंच. मला मनातून भीती वाटते. नको म्हणू का? (नाव छापू नका.)

उत्तर : नको म्हणू नका. तुम्ही नको म्हटलंत की हा वाद 'बाबांची इच्छा' विरुद्ध 'सुनेची भीती' असा होणार, आणि त्यात तुम्ही हरणार. जिंकलात तर आणखी वाईट, कारण पुढची वीस वर्षं ते ऐकून घ्यावं लागेल. त्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि जेवणं झाल्यावर टेबलावर पसरा. तुमच्या पत्रातली खरी अडचण भीतीची नाहीच, बेरजेची आहे.

तुमच्याकडून चंडीगड सोळाशे-सतराशे किलोमीटर. एकटा माणूस गाडी चालवणार, मागे लहान मूल आणि अडुसष्ट वर्षांच्या बाई, म्हणजे सुरक्षितपणे जायचं तर तीन दिवस. यायला तीन. दहातले सहा सपाटीवरच संपले. उरलेल्या चार दिवसांत चंडीगड ते शिपकी ला आणि परत, हे साधारण आठ-नऊशे किलोमीटर, आणि तेही डोंगरातले. तिथं तासाला पंचवीस-तीस किलोमीटर पडले तरी नशीब समजायचं. हे गणित कुणीही केलं तरी उत्तर एकच येतं : रोज आठ-नऊ तास नुसती गाडी चालती, थांबे वेगळे, रात्री उशिरा मुक्काम, पहाटे पुन्हा बाहेर. तुमची भीती नेमकी इथून येते आहे. ती बरोबर आहे, फक्त तिला आकडे जोडले गेले नव्हते.

म्हणून दोनपैकी एक. सुट्टी चौदा-पंधरा दिवसांची करा आणि गाडी घेऊन जा, पण मग दोघांनी चालवायची. किंवा सुट्टी दहाच दिवसांची असेल तर चंडीगडपर्यंत रेल्वे किंवा विमान, आणि तिथून पुढे स्थानिक चालकासह गाडी. मला विचाराल तर दुसरं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि मेची तिकिटं पहिल्याच दिवशी उडतात, तेव्हा तारीख आधी ठरवा.

तुमचे यजमान यावर काय म्हणणार ते मला इथं बसून ऐकू येतंय. 'मी एसटी ड्रायव्हरचा मुलगा आहे.' त्यांना एवढंच विचारा : बाबा मुक्कामी गाडी घेऊन जायचे, तेव्हा रात्री काय करायचे? डेपोत किंवा गावात गाडी लावून झोपायचे, आणि सकाळी तीच गाडी परत आणायचे. एसटीतल्या माणसाला मुक्काम या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाबांच्या नावानं निघालेल्या प्रवासात बाबांचीच शिस्त मोडायची, हे त्यांना स्वतःलाच पटणार नाही. टोमणा मारल्यासारखं मात्र विचारू नका. तुमचा सूर इथं महत्त्वाचा आहे.

आणि त्यांचा घाटाचा सराव मी कमी लेखत नाही. वरंधा नाहीतर आंबेनळी पावसाळ्यात उतरणारा माणूस कुठंही गाडी चालवू शकतो. पण आपला घाट तासाभरात संपतो. वर गेलं की पठार, चहाची टपरी, झालं. किन्नौरात घाट संपतच नाही, सहा दिवस चालतो. आणि आपल्याला लक्ष दरीकडे ठेवायची सवय असते, तिथं ते डोंगराकडेही ठेवावं लागतं, कारण दगड वरून येतात. 'शूटिंग स्टोन्स'ची पाटी दिसली की त्या पट्ट्यात थांबायचं नाही, फोटोला नाही, उलटीलाही नाही. २०२१च्या जुलैत बटसेरीजवळ पर्यटकांच्या गाडीवर दगड कोसळले आणि पुढच्याच महिन्यात निगुलसरीला बस दरडीखाली गेली. दोन्ही वेळी पावसाळा होता. तुमचा मेचा शेवट त्या दृष्टीनं चांगला निवडलाय. काही कारणानं जुलैवर गेला, तर तो प्रवास त्या वर्षी रद्दच समजा.

स्वतःची गाडी नेलीत तर आणखी काही गोष्टी. चढताना जो गिअर लागला, तोच उतरताना ठेवायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याला अर्ध्या तासात जळका वास येतो, आणि तो वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, उतरणाऱ्यानं मागे घ्यायचं. वाटेत पोवारीला टाकी भरून घ्या, पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका. आणि तुमच्या स्टिअरिंगचा प्रश्न : जायच्या आधी चार रविवार तुम्ही कसारा चालवायचा, शेजारी ते. चौथ्या रविवारीही ते देत नसतील, तर तुमच्या गाडीला चालक एकच आहे, आणि मग पर्याय आपोआप दुसरा. त्यावर भांडण नको.

आता मूळ मुद्दा. पत्र मी दोनदा वाचलं. सासऱ्यांची इच्छा त्यात आहे, तुमच्या यजमानांचा हट्ट आहे, तुमची भीती आहे. सासूबाईंचं एकच वाक्य आहे, 'तुम्ही म्हणाल तसं'. हे उत्तर नाही. आपल्याकडच्या त्या वयाच्या बाया 'मला कुणी अजून नीट विचारलेलं नाही' हेच अशा शब्दांत सांगतात. 'आई, येणार ना?' असं सगळ्यांसमोर विचारलं की दुसरं उत्तर येतच नाही. दुपारी दोघीच असताना, भाजी निवडताना विचारा, आणि 'येणार का' असं विचारूच नका. बारीक विचारा. रोज सहा तास बसून गुडघे कुरकुरतील का? थंडीत रात्री उठावं लागतं का, किती वेळा? सरहद्द बघायची आहे, की बाबांनी कबूल केलं होतं म्हणून जायचंय? एखाद्या ठिकाणी दोन दिवस नुसतं उन्हात बसायला मिळालं तर आवडेल का?

आणि एक प्रश्न आवर्जून विचारा, कारण तो त्या स्वतःहून काढणार नाहीत : रस्त्यात बाथरूमचं काय करायचं?

हा विषय मी स्वतः फार महागात शिकले. माझ्या आईला घेऊन आम्ही डोंगरात गेलो होतो. ती दिवसभर छान बोलत होती, गाणी म्हणत होती. मुक्कामी उतरताना गाडीचं दार धरलं आणि खाली बसली ती उठेना. सकाळपासून तिनं दोन घोट पाणी प्यायलं होतं. बाटली भरलेली तशीच. वर बीपीची एक गोळी, लघवी जास्त होणारी, तिनं 'प्रवासात नको' म्हणून दोन दिवस चुपचाप बंद केली होती. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण गाडी थांबवा म्हणायची लाज. तेव्हापासून मी म्हातारी माणसं बरोबर असली की बाटलीकडे बघते, चेहऱ्याकडे नंतर.

तेव्हा नियम करा : दर दीड तासाला गाडी थांबणार, आणि कुणीही म्हणायच्या आधी थांबणार. 'कुणाला जायचंय का?' असं विचारायचंच नाही. तुम्ही स्वतः उतरायचं आणि 'आई, चला' म्हणायचं. सोबत गेलं की लाज अर्धी होते. चालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, त्यांना स्वच्छ ढाबे माहीत असतात. सासूबाईंच्या गोळ्यांपैकी एखादी लघवीची आहे का, ती कोणत्या वेळी घ्यायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. त्यांना उंचीचेही आकडे सांगा, नुसतं 'हिमाचलला चाललोय' म्हणू नका. सिमला आणि शिपकी ला यांत फार फरक आहे.

उंचीचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथं बरीच मंडळी चुकतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. किन्नौरातलं कल्पा, जिथं तुम्ही मुक्काम कराल, साधारण ९,७०० फूट. शिपकी ला जवळपास १३ हजार. दिवसा तुम्ही किती वर गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला शरीर जास्त जुमानतं. दहा हजार फुटांच्या वर झोपायची उंची एका दिवसात दीड-एक हजार फुटांहून जास्त वाढवू नये असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. तुमच्या वाटेचं भाग्य असं की सतलज नदीच्या काठाकाठानं ती हळूहळू चढते. मनालीहून लेहला जाताना एकदम उंच खिंडी लागतात, तसं इथं नाही.

मी असा आखला असता. चंडीगडहून पहिल्या दिवशी सिमला बाजूला टाकून नारकंडा. मेमध्ये सिमल्यात मुक्काम म्हणजे गर्दीत मुक्काम, आणि तुम्ही माणसं बघायला चालला नाहीत. दुसऱ्या दिवशी उतरून रामपूर, तिथून ज्यूरीवरून वर सराहन. फार लांबचा दिवस नाही, मुद्दामच. सराहनला भीमाकालीचं लाकडी मंदिर आहे, सासूबाईंना अंगणात बसायला आवडेल आणि मुलीच्या पोटालाही विश्रांती. तिसऱ्या दिवशी वांगतू, करछम करत रेकाँग पिओ, म्हणजे किन्नौरचं जिल्ह्याचं ठिकाण, आणि वर कल्पा. वाटेत सतलज मधेमधे अगदी बारीक झालेली दिसेल. पाणी कुठं गेलं म्हणून मुलगा विचारेल. ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून वीज करायला गेलेलं असतं. एकट्या नाथपा-झाकडी प्रकल्पाची क्षमता १,५०० मेगावॉट आहे.

कल्पाला दोन रात्री. या दुसऱ्या रात्रीवर कुणी हात टाकला तर तुम्ही तिथं मात्र अडून बसा. वेळ वाया जातोय असं वाटेल, पण शरीर याच दिवशी सवय लावून घेतं. सकाळी समोर किन्नौर कैलास, त्यावरचं ते शिवलिंगासारखं सुळक्याचं टोक. सासूबाईंनी खुर्ची घेऊन तिथं बसावं, तुम्ही मुलांना घेऊन गावात फिरावं. याच गावचे शिक्षक श्याम सरन नेगी. देशाच्या पहिल्या निवडणुकीत बर्फ पडायच्या आत मतदान उरकावं म्हणून इथं ते इतरांच्या आधी, ऑक्टोबर १९५१मध्ये झालं, आणि नेगींनी पहिलं मत दिलं. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले, तोवर मतदान चुकवलं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सरहद्दीपेक्षा जास्त आवडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

पाचव्या दिवशी शिपकी ला. पहाटे निघायचं, पूह, मग खाब. खाबच्या पुलावर थांबा. स्पिती नदी इथं सतलजला मिळते आणि सतलज तिबेटातून नुकतीच भारतात शिरलेली असते. मग वर खिंड, आणि त्याच दिवशी परत कल्पा किंवा पिओ. वर जाऊन आलो, झोपलो मात्र खाली, एवढंच तत्त्व. नाकोला मुक्काम करायचा मोह होईल, तळं सुंदर आहे, पण ते बारा हजार फुटांवर आहे. या खेपेला नको.

खिंडीत काय दिसेल, याची कल्पना घरीच द्या, नाहीतर मुलांचा विरस होईल. अटारी-वाघासारखी परेड नाही, टाळ्या नाहीत. जवान, फलक, वारा आणि पलीकडे इकडच्यासारखेच डोंगर. पूर्वी किन्नौरी व्यापारी इथून तिबेटात जात. १९६२नंतर ते थांबलं, १९९०च्या दशकात ठरावीक मालापुरता व्यापार पुन्हा सुरू झाला आणि २०२०मध्ये परत बंद पडला. सामान्य पर्यटकांना ही खिंड २०२५च्या जूनमध्ये खुली झाली, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या नोकरीच्या काळात त्यांना इथं असं सहज येताच आलं नसतं. हे यजमानांना जरूर सांगा. सगळ्यांची मूळ आधार कार्डं हवीत, मुलांचीही. हा सीमेचा भाग आहे, हवामान आणि सुरक्षेप्रमाणे नियम बदलतात, तेव्हा पिओला पोचल्यावर आदल्या दिवशी जिल्हा प्रशासनाकडे चौकशी करा. जवान फोटो नको म्हणाले तर फोन खिशात. तिथं तुम्ही थांबाल अर्धा तास, फार तर पाऊण. त्यासाठी दहा दिवस. म्हणून म्हणते, वाटेतले दिवस चांगले गेले पाहिजेत.

परतीचा निर्णय घरीच घ्या, आणि तो एका माणसाकडे द्या. तुमच्याकडे. वर गेल्यावर कुणीच कबूल करत नाही की त्याचं डोकं दुखतंय. पाचव्या दिवशी सकाळी सासूबाईंचं किंवा मुलीचं डोकं दुखत असेल, खाण्यावरची वासना गेली असेल, तर त्या दोघी कल्पाला थांबणार आणि तुमच्यापैकी एक जण त्यांच्याजवळ थांबणार. कोण थांबणार हेही आधी ठरवा. तिथं ठरवायला गेलात तर 'अगं एवढं काय' सुरू होईल. बसल्या जागी धाप, अडखळत चालणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर विचारविनिमय नाही, लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. जिल्ह्याचं रुग्णालय पिओला आहे. बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या छोट्या डब्यांवर विसंबून वर बसून राहू नका. उंचीच्या गोळ्या वैद्यकीय दुकानातून आपल्या मनानं आणू नका, सासूबाईंसाठी तर नाहीच.

मुलीचं थोडं वेगळं आहे. तिला गाडी लागते, त्यामुळे तिची उलटी बघून 'नेहमीचंच' म्हणून तुम्ही सोडून द्याल, आणि इथंच फसायला होतं. गाडी लागलेलं मूल खाली उतरून तासभर मोकळ्या हवेत खेळलं की भूक म्हणतं. उंची लागलेलं मूल उतरल्यावरही कोपऱ्यात बसून राहतं, किरकिरतं, डोकं धरतं, आवडीचा खाऊ समोर ठेवला तरी बघत नाही. मुक्कामी पोचल्यावर तिच्याकडे बघा, गाडीत नव्हे. बाकी तिला मध्ये बसवा म्हणजे समोरचा रस्ता दिसेल, हातात मोबाईल नको, सकाळी पोटभर पराठे नकोत, आलेपाक जवळ ठेवा. आणि उलटी झाली की कुणी 'झालं का सुरू' म्हणायचं नाही. ती निम्मी त्या वाक्याच्या भीतीनंच ओकते.

सहाव्या दिवशी पिओहून रामपूर किंवा नारकंडा, सातव्या दिवशी चंडीगड. रोज सकाळी सहाला निघा, चारच्या आत मुक्काम. अंधारात त्या रस्त्यावर असायचं काहीही कारण नाही.

आणि समजा, भाजी निवडताना सासूबाई म्हणाल्या की मला सरहद्द नको, कल्पाला उन्हात बसायला आवडेल. मग यजमानांनी आणि मुलानं खिंडीत जाऊन यावं, तुम्ही तिघींनी कल्पाला राहावं. बाबांनी शब्द दिला होता तो सासूबाईंना, आणि तो कुठं पुरा झाला हे त्यांनीच सांगायचं. त्या म्हणाल्या की नाही, मला तिथंच जायचंय, तर मग न्या. पण दीड तासाला थांबा.

गोळ्यांचा डबा तुमच्या पर्समध्ये घेऊ नका, तो त्यांच्याच पिशवीत राहू दे. एक जादा पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी तुमच्याजवळ.